म्हाताऱ्या बकरीचा गळा

धाकू खाटकाने नातीला भर दुकानात हाडतूड केलं, हे सुगंधाबाईंना काही केल्या सहन होईना. "म्हातारी बकरी? माझ्याकडे? ताई, दुकान बंद पाडायला आलात काय?" असं म्हणाला म्हणे मेला, आणि गिऱ्हाइकं खी खी हसली.

समिधा गुरांच्या डॉक्टरकीचं पुढलं शिक्षण घेत होती. शेळीच्या गळ्यात, श्वासनळीला चिकटून, थायरॉइड नावाची ग्रंथी असते. ती करडात कशी, तरण्या शेळीत कशी आणि म्हातारीत कशी दिसते, हे सूक्ष्मदर्शकाखाली बघून तिला प्रबंध लिहायचा होता. करडांच्या ग्रंथी मिळाल्या, तरण्यांच्याही मिळाल्या. म्हातारीच्या कुठेच मिळेनात, आणि त्यांच्यावाचून सर प्रबंध घेईनात.

"त्याने बोलायला नको होतं. पण धाकूकडे म्हातारी नसतेच गं," बाई म्हणाल्या. "अख्ख्या नवघरात विचार. सुगंधा मुंडीचे दात बघितल्याशिवाय मटण घेत नाही!"

समिधाने सूक्ष्मदर्शकातले फोटो दाखवायला मोबाईल पुढे केला. "आजी, हे करडाचं. बारीक गोल, दाटीने बसलेत, आत रस जेमतेम. हे तरणीचं. गोल मोठे झालेत, गुलाबी रसाने भरलेत. आणि हे तिसरं."

तिसऱ्यात गोल फुगून वेडेवाकडे झाले होते. त्यांच्या कडा चपटून दोऱ्यासारख्या झालेल्या, आणि मधूनमधून जाड धाग्यांच्या पट्ट्या.

"ही तर माझ्या वयाची दिसते," बाई म्हणाल्या. "कुठली गं?"

"मागच्या रविवारी मटणाबरोबर धाकूदादाने गळ्याचा तुकडा दिला होता ना, त्यातली. म्हातारीचीच वाटते. पण दात बघून वयाची खात्री केल्याशिवाय मला ही धरता येत नाही."

त्या रविवारी मटण शिजता शिजेना, म्हणून बाईंनी सून उर्मिलाला कुकरवरून काय काय ऐकवलं होतं. आणि दात तर बघितले होते की! खालचा ओठ ओढून, चार बायकांच्या देखत. फक्त फळीवरची मुंडी त्याच धडाची आहे का, हे विचारायचं राहिलं होतं. इतकी वर्षं.

"पिशवी घे," त्या म्हणाल्या.

धाकूच्या फळीवर नेहमीसारखी एक कोवळी मुंडी मांडलेली होती. बाईंनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ पडदा सारून आत.

"मावशी, तिकडे कुठे?" धाकू सुरी टाकून मागे धावला.

आत टोपलीत मुंड्या, गळ्यासकट. समिधाने एकेकीचा ओठ ओढला. दात झिजलेले, फटी पडलेले, एकीचे तर निम्मे गळालेले. पोरीचा चेहरा असा फुलला, की लग्नाची साडी बघताना फुलला नसता. "आजी, सोनं आहे गं सोनं!"

धाकूने हात जोडले. "मावशी, सगळ्या न्या. दर आठवड्याला बाजूला ठेवतो. पण बाहेर बोलू नका. तुम्ही दात बघता म्हणून लोक डोळे मिटून घेतात. नाव तुमचं, दुकान माझं."

म्हणजे इतकी वर्षं आपण ह्याची फुकटची पाटी होतो! बाईंनी समिधाला भरल्या पिशवीसकट रिक्षात बसवलं. "जा, औषधात टाक लवकर. मी येते मागून."

रिक्षा वळल्याची खात्री करून त्या फळीपाशी आल्या. नव्या बिल्डिंगमधली निशिगंधा डबा घेऊन उभी होती. "काकू, आज कोवळं आहे ना? तुम्ही बघितलंत ना?"

धाकूने तिच्या नकळत बाईंना पुन्हा हात जोडले. एक 'हो' म्हटलं की काम भागत होतं. बाईंचं नावही शाबूत राहत होतं. त्यांनी पदर खोचला आणि रस्त्यापलीकडच्या भाजीवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"धाकू, तू मला फसवलंस आणि मी फसले. हे मीच सांगते, दुसऱ्याने कुजबुजायला नको. ह्यापुढे म्हातारी बकरी म्हातारी म्हणून विकायची, स्वस्तात विकायची, आणि तिची मुंडी लपवायची नाही. खरं तर तुला आजच उठवला असता. पण तुझ्या त्या बोळक्या म्हाताऱ्यांनी माझ्या नातीचं अडलेलं काम केलं, त्यांच्या पुण्याईवर दुकान चालू राहू दे. आता ह्या पोरीला काय ते खरं सांग, आणि तोल!"