शेपटीच्या मुळाशी गाठ

पुटपुटी काहीतरी लपवतेय, हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होते. पुटपुटी म्हणजे आमच्या उंदीरघरात संशोधनाला आलेली पोरगी. सतत ओठातल्या ओठात आकडे मोजायची, म्हणून हे नाव मीच ठेवलं. सकाळी सगळ्यांच्या आधी हजर, आणि मी आत शिरले की वही मिटायची. आता सरळ माणूस वही कशाला मिटेल, तुम्हीच सांगा!

मी इथे बावीस वर्षं पिंजरे सांभाळतेय. उंदरांचा दाणा बदलायचा तरी सर आधी मला विचारतात. माझ्या डोळ्यांत धूळ फेकणं सोपं नाही.

तिचा प्रयोग असा. काही उंदरांना शेपटीच्या मुळाशी क्षयाची जिवंत लस टोचायची, काहींना नुसतं मिठाचं पाणी. मग काही आठवड्यांनी सगळ्यांना दुसराच जंतू द्यायचा, क्षयाशी काडीचा संबंध नसलेला, रक्तात शिरून दोन दिवसांत आडवं करणारा. तिचं म्हणणं, ही लस अंगातल्या पहारेकऱ्यांना असं जागं करते की ते भलत्याच चोरालाही धरतात. पहिल्या खेपेला तसंच झालं. सर खूश! मला मात्र तेव्हाच वाटलं, इतकं सरळ कुठे असतं?

दुसऱ्या खेपेला सगळं विस्कटलं. तीन नंबरच्या पिंजऱ्यात लस घेतलेले पाच होते, त्यातले दोन मेले. चार नंबरमध्ये पाणी टोचलेले पाच, त्यातले दोन टुणटुणीत.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "मावशी, तीन आणि चारमध्ये अदलाबदल तर नाही ना झाली?"

बघा, चोराच्या उलट्या बोंबा! माझं टाळकंच सरकलं. "बावीस वर्षांत माझ्या हातून इकडचा उंदीर तिकडे झालेला नाही! तुझी सुई चुकली असेल, ती बघ आधी."

ती खाली मान घालून गेली. गप्प बसली म्हणजे नक्की पाणी मुरतंय, असं मी धरलं आणि तडक सरांकडे गेले. म्हटलं, "पोरगी टोचताना धांदल करते. दोघांना लस लागलीच नसणार. आणि पहिल्या खेपेचे आकडे तरी कशावरून खरे?" सरांचा माझ्यावर भारी विश्वास. सोमवारी चौकशी ठरली. ठपका आला की तिचं दोन वर्षांचं काम केराच्या टोपलीत आणि ती घरी.

शनिवारी लेक-जावई बाळाला घेऊन आले. नात पाच आठवड्यांची. तिच्या दंडावर लालसर गाठ दिसली म्हणून जावई कासावीस झालेला.

"अहो, ही क्षयाच्या लसीची गाठ," मी म्हटलं. "जन्मल्यावर टोचली नाही का? घाबरण्यासारखं काही नाही. राहते बरेच दिवस."

बोलता बोलता थांबलेच मी. गाठ उंदरांनाही येते की! मोहरीएवढी, शेपटीच्या मुळाशी. तीनमधल्या त्या मेलेल्या दोघांना ती नसेल, तर पोरीची लबाडी उघडी पडली. मला रात्री कधी एकदा सकाळ होतेय असं झालं होतं.

रविवारी दाणापाण्याला मीच जाते. हातमोजे चढवले, फ्रीजरमधून ते दोघे काढले, बोटांनी चाचपले. गाठ नव्हती. "सापडलीस!" मी मोठ्यानेच म्हणाले. मग खात्रीसाठी चारमधले वाचलेले दोघे उचलले.

दोघांनाही गाठ होती.

म्हणजे हिने भलत्यांनाच टोचलं? मी माझ्या कपाटातून रोजच्या नोंदींचे कागद काढले. टोचल्यानंतर दुसऱ्या आठवड्यात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: तीन, पाचही जणांना गाठ. चार, कोणालाच नाही. सुई अजिबात चुकली नव्हती.

खालची नोंद पुढच्या मंगळवारची. पिंजरे बदलले, शेपट्यांचे पट्टे पुन्हा रंगवले. सही माझी. तारीख नातीच्या जन्माची.

तो मंगळवार मला लख्ख आठवला. तीनला काळा पट्टा, चारला लाल. उंदीर शाई चाटतात, आठवड्यात ती पुसते, म्हणून दर मंगळवारी मी नव्याने ओढते. एका वेळी एकच झाकण उघडायचं, हा नियमही माझाच. त्या दिवशी दोन्ही उघडी होती आणि जावयाचा फोन आला, "मुलगी झाली!" दोन्हींतले मिळून चार-पाच उंदीर टेबलावर उतरले होते. डोळे पुसत मी ते उचलून पिंजऱ्यांत टाकले, पाच-पाच मोजले आणि ज्या पिंजऱ्यात जो, त्याला त्या रंगाचा पट्टा ओढला.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधत फिरले मी, मेली!

हा कागद माझ्याशिवाय कोणी बघत नाही. फाडला असता तर कुणाला कळलंही नसतं. खोटं कशाला बोलू, चुरगळून मुठीत धरलाही होता. तेवढ्यात दार वाजलं. पुटपुटी आपल्या वह्या न्यायला आली होती. तिने एक वही चाळायला उघडली, आणि या वेळी मला बघून मिटली नाही. उघडीच टेबलावर ठेवली, आणि त्यात जिथे तिथे खाडाखोड. चुका दिसू नयेत म्हणून मिटत होती बिचारी.

"अदलाबदल झाली होती," मी म्हटलं. "माझ्या हातून."

"निकाल बिघडला तेव्हाच शंका आली होती," ती म्हणाली. "मी दारात होते. दोन्ही झाकणं उघडी होती. तुम्ही फोनवर रडत होता."

"मग बोलली का नाहीस, बाई?"

"विचारलं होतं ना, मावशी. तुम्ही बावीस वर्षं म्हणालात. माझी इथे दोनच झालीत. कुणी ऐकलं असतं माझं?"



सोमवारी मी तिच्याआधी सरांच्या खोलीत गेले. चुरगळलेला कागद हाताने सारखा करून टेबलावर ठेवला.

"बसा मावशी," सर म्हणाले.

"मी उभीच बरी आहे," मी म्हटलं. "ती बाहेर थांबलीय. आधी तिला बोलवा, आणि खुर्ची द्या."