बाबांची खुर्ची माझ्या दाराशी

मी एक जुना फ्रीज आहे. माझं दार आपलं आपण लागत नाही. कडेचं रबर सैल पडलं, तेव्हापासून एक लाकडी खुर्ची मला टेकवून ठेवतात. ती बाबांची खुर्ची. बाबा जहाजावर नोकरीला. ते नसले की ती रिकामीच, म्हणून माझ्या कामाला जुंपलेली.

मित्रांनो, मी पांढराशुभ्र होतो तेव्हा शेजारीपाजारी मला बघायला यायचे. आता माझी घरघर ऐकून आजी म्हणते, म्हातारा कण्हतोय. म्हणू दे. तिचे गुडघेही काही कमी बोलत नाहीत.

परसातली तुती पिकते ती नेमकी बाबा समुद्रावर असताना. म्हणून आई त्यांचा वाटा माझ्या बर्फाच्या कप्प्यात गोठवते. फळं धुवायची, फडक्यावर अगदी कोरडी करायची, ताटात एकमेकांना न चिकटता पसरायची. गोट्यांसारखी टणक झाली की मग पिशवीत. म्हणजे हवं तेव्हा एकेक सुटं काढता येतं. यंदा हे सगळं लेकीनं केलं. काही ना काही साठवत असते म्हणून आजी तिला खारूताई म्हणते. फळं गोठली का, हे बघायला ती इतक्यांदा दार उघडायची की माझा जीव मेटाकुटीला यायचा.

मग बाबा येत असल्याचा फोन आला. खारूताईनं हरखून खुर्ची ओढली, पुसली आणि टेबलापाशी मांडली. सगळी बाजारात गेली. माझं दार हळूहळू कलत उघडलं. दुपारभर मी धापा टाकल्या, पण उघड्या दारानं थंडी धरायची कशी? घरी परततात तर फरशीवर जांभळा ओघळ.

आईनं मऊ पडलेली फळं घाईघाईनं डब्यात भरून पुन्हा आत सारली. त्यांची वीट झाली, आणि सांडलेल्या रसानं गोठून डबा कप्प्याच्या तळाला घट्ट धरला. आई वैतागली, आता या धुडाला भंगारात देऊ म्हणाली.

"सूनबाई, तो येईपर्यंत तरी चालू दे," आजी म्हणाली. "त्याचा खाऊ पोटाशी धरून बसलाय बिचारा."

बाबा आले तेव्हा खारूताई घराच्या दाराशी गेलीच नाही. माझ्या आडोशाला उभी राहिली. बाबांनी डबा ओढला, हलेना. त्यांनी सुरी उचलली.

"बाबा, सुरी नको. त्याला लागेल."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि सुरी ठेवली. कोमट पाण्याचं भांडं आत ठेवून दोघं माझ्यासमोर फतकल मारून बसली. डबा सुटला. बाबांनी ती वीट चमच्यानं खरवडून खाल्ली; ओठ जांभळे झाले.

"दर वेळी एकेक फळ खायचो," ते म्हणाले, "यंदा अख्खं झाडच खाल्लं." तेव्हा कुठे ती हसली.

मित्रांनो, जुन्या यंत्राला सुरी टोचू नका, त्याचं दार उघडं टाकू नका. एवढंच मागणं. आम्ही थकतो, पण सांभाळलं तर सांभाळतो.

जाण्याआधी बाबांनी मला नवं रबर बसवलं. ते गेले, आणि खारूताईनं खुर्ची ओढत पुन्हा माझ्यापाशी आणली.

"अगं, आता लागतं की त्याचं दार," आजी म्हणाली.

"लागू दे. टेबलापाशी रिकामी बघवत नाही."

मला आता आधार नको. पण खुर्चीला हवा असेल. मी आहे उभा.