तीन मोजेपर्यंत

सकाळपासून चिझुरू ओनोदेराचं बूड एका जागी टेकत नव्हतं. जपानातल्या कावासाकी शहरातल्या हॉलमागच्या खोलीत ती बसायची, उठायची, बुटांच्या नाड्या सोडायची, पुन्हा आवळायची. भाताचे मुटके डब्यात तसेच वाळत होते. बाहेर शाळकरी पोरी रंगीत कागदी फिती घेऊन दुपारपासून रांगेत उभ्या होत्या. त्यांना वाटत होतं, आज शेवटच्या कुस्तीतही ताईच जिंकणार. ताई हरणार होती. तसं ठरलंच होतं.

या दिखाऊ कुस्तीच्या धंद्यात निकाल आधी ठरतो, मार तेवढा खरा असतो. आणि पंचवीस पूर्ण झाली की बाईनं घरी जायचं, हा मालकांचा नियम. का, तर म्हणे लग्नाचं वय! बाप्ये पैलवान गुडघे कुरकुरेस्तोवर उड्या मारतात, त्यांना कोणी विचारत नाही. असो. जाताना अजिंक्यपदाचा पट्टा खालच्या पोरीला द्यायचा आणि तोही असा हरून, की लोकांना ती पोर खरी वाटली पाहिजे. हरायचं वाईट वाटत होतंच चिझुरूला, खोटं कशाला बोला! पण भीती वेगळीच होती. सहा वर्षांत पंचानं हात आपटून तीन मोजेपर्यंत तिची पाठ कोणी जमिनीला लावून ठेवली नव्हती. पंचाचा हात दुसऱ्यांदा आपटला की तिचा उजवा खांदा आपोआप उसळायचा. परवा सरावात चार वेळा उसळला. जित्याची खोड, ती काय सांगून जाते?

"ताई, आज नाही ना उसळणार?" दारातून मिनाएनं विचारलं. पट्टा हिलाच मिळायचा होता. वय वर्षं एकोणीस.

"मला काय विचारतेस? खांद्याला विचार!"

"विचारलं. तो म्हणाला, ताईला विचार."

चिझुरूला हसू फुटलं. चार वर्षं या कार्टीनं शिकाऊ म्हणून तिचे घामट कपडे धुतले होते. आज घोळ झाला तर लोक हिला जन्मभर ऐकवणार, ताईनं दान केलेला पट्टा मिरवतेय.

कुस्ती मात्र झकास रंगली. बाविसाव्या मिनिटाला मिनाएनं रिंगणाच्या सगळ्यात वरच्या दोरावरून अंग झोकलं आणि ठरल्याप्रमाणे चिझुरूवर आडवी झाली. पंच कुदोचा हात आपटला. एक. दोन.

खांदा उसळला.

हॉल नुसता पेटला. "चिझुरू! चिझुरू!" पोरी किंचाळू लागल्या.

"ओनोदेरा, काय चाललंय हे!" कुदो दातांत पुटपुटला. मिनाएचं तोंड पांढरं पडलं होतं. चिझुरूला केसांनी धरून उठवताना ती कानाशी लागली, "आता हो, ताई?"

"आता खरंच दाब. मला आवरत नाही मेला."

"दुखेल तुम्हाला."

"दुखू दे! चार वर्षं काय भाजी निवडत होतीस, रडूबाई?"

मिनाएनं तिला कमरेला कव घालून उचललं, मागच्या मागे आपटलं आणि दोन्ही हातांनी, सगळ्या वजनानिशी उजवा खांदा दाबला. एक. दोन. खांदा उसळलाच, पण या वेळी एकटा नव्हे. मान, कंबर, टाचा, सगळी चिझुरू त्याच्यामागे उठली. तिला खरोखर जिंकायचं होतं! हे कोणाशीच ठरलेलं नव्हतं. मिनाए दातओठ खाऊन गुरगुरली, पण तसूभर हलली नाही.

तीन.

मग चारी बाजूंनी फिती येऊन पडायला लागल्या. चिझुरू डोळे मिटून धापा टाकत होती. हरली होती ती, अगदी खरी खरी हरली होती.

"सोड आता, कार्टे," ती म्हणाली. "खांदा मोडशील."

"मी कधीच सोडलंय, ताई."

चिझुरूनं डोळे उघडले. मिनाए बाजूला गुडघ्यांवर बसून रडत होती. अंगावर कोणीच नव्हतं. सहा वर्षं न सांगता उसळणारा खांदा तिनं स्वतःहून उचलून पाहिला, तो उचलला गेला नाही, आणि मग तिलाही रडू कोसळलं.