चाकं होती, बाजार नव्हता

मी एक पिशवी आहे. चाकांची. हसा खुशाल. सिंगापुरातल्या तांजोंग पगारला, एका इमारतीच्या लिफ्टमध्ये कोट-टायवाली मंडळी मला बघून हसू दाबायची, त्यांनाही मी कधी काही बोलले नाही.

लोखंडी दांडा, दोन चाकं आणि लाल चौकड्यांचं जाड कापड, एवढाच माझा देह. सिंगापुरात सकाळी बाजाराला निघालेल्या बायकांच्या मागून माझ्या जातीच्या कितीतरी जणी मुकाट चालत असतात. मला पहिल्यांदा घेतलं ते बेडोकच्या शुभदाकाकूंनी. त्यांचे गोपीनाथकाका जहाजावर इंजिनीअर. ते महिनोन्‌महिने समुद्रावर असायचे आणि इकडे संसार काकू आणि मी मिळून ओढायचो. बाजार इमारतीच्या पायथ्याशीच, पण काकूंचे गुडघे कुरकुरे, म्हणून मी. माझ्या पोटात काय नसायचं! मेथी, केळफूल, ओलं खोबरं, पापलेटं. पापलेटांचा वास जावा म्हणून काकू मला लिंबाच्या सालींनी पुसायच्या. ते दिवस फार सुखाचे होते.

काका निवृत्त झाले आणि त्यांनी काकूंना चार चाकांची नवी पिशवी आणली. माझी रवानगी झाली अश्लेषाकडे.

अश्लेषा पुण्याहून लग्न होऊन नुकतीच आलेली. महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला तिची आणि काकूंची ओळख झाली. मुलगी बोलायची कमी, बघायची पुरेपूर. तिचा नवरा रुचिर बँकेत. लग्नाआधीच त्यानं तांजोंग पगारला, ऑफिसांच्या भागात, हौसेनं घर भाड्यानं घेतलं होतं. इतकं जवळ, की स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याचं ऑफिस दिसायचं. आल्यागेल्याला तो ती खिडकी दाखवायचा आणि म्हणायचा, "गाडी नको, घोडा नको. खाली सगळं मिळतं."

खाली सगळं होतं, हे खरंच. कॉफीची दुकानं ओळीनं होती. कोरियन जेवण होतं, नखं रंगवून देणारं दुकान होतं. रात्रंदिवस उघडं असलेल्या छोट्या दुकानात कपातल्या शेवया होत्या आणि प्लास्टिकमध्ये एकेकटी गुंडाळलेली केळी. नारळसुद्धा होता, पण नळी खुपसून प्यायचा. कोथिंबीर नव्हती. डाळ नव्हती. इतकी माणसं जिथे कामाला येतात, तिथे संध्याकाळनंतर कुणी राहतही असेल आणि त्याला फोडणी द्यावीशी वाटेल, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मग मला काय काम? मी दाराशी उभी राहिले. रुचिरनं माझ्यात छत्र्या ठेवल्या.

एके सकाळी तो ऑफिसला गेल्यावर अश्लेषानं छत्र्या बाहेर काढल्या, माझा दांडा धरला आणि आम्ही एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, थेट बेडोक गाठलं. माझ्या जुन्या बाजारात! भाजीवाल्या चिनी आजीनं मला पाहताच ओळखलं, अशी माझी समजूत आहे. येताना मी गच्च भरलेली. डब्यातल्या लोकांच्या पायांवरून माझं चाक जायचं आणि अश्लेषा "सॉरी, सॉरी" म्हणत अंग चोरायची. ऊन असो, पाऊस असो, आठवड्यातून एकदा तरी ही वारी ठरलेली. परतल्यावर छत्र्या पुन्हा माझ्यात.

संध्याकाळी रुचिर फ्रिज उघडायचा. "बघ, मिळालं की नाही सगळं? उगाच घाबरत होतीस."

ती हसायची. तिथेच चुकलं. त्यानं इतक्या कौतुकानं घेतलेल्या घराला नावं कशी ठेवायची, म्हणून ती पहिल्यांदा गप्प बसली आणि मग ते गप्प बसणं सवयीचं होऊन गेलं. घराचा करार भाद्रपदात संपत होता. रुचिरला तो पुढच्या दोन वर्षांसाठी वाढवायचा होता. ती भांडी घासताना पुटपुटायची, "आज सांगते." मी दाराशी उभी राहून ऐकायची. तो आला की ती विचारायची, "चहा ठेवू?"

मग लग्नानंतरचा पहिला गणपती आला. जेवायला काका-काकूंना बोलावलं होतं. सारण आदल्या दिवशीच तयार होतं. सकाळी अश्लेषानं तांदळाच्या पिठाचा डबा उघडला, तर पिठाला जाळी लागलेली. इथल्या दमट हवेचा प्रताप. तिचा चेहरा पांढरा पडला.

"एवढंच ना?" सोवळं नेसलेला रुचिर म्हणाला. "मी खालून आणतो. तू उकडीला पाणी ठेव."

"रुचिर, खाली..."

पण तो सोवळ्यावर शर्ट चढवून गेलासुद्धा. पाणी उकळून आटलं. तिनं दुसरं ठेवलं, तेही आटलं. शेवटी घामाघूम होऊन तो परतला तेव्हा त्याच्या हातात पिठाची पिशवी होती. "कुठे कुठे फिरलो माहितीये? पण मिळवलंच!"

तिनं उकड काढली. ती परातीला चिकटली, उलथन्याला चिकटली, तिच्या बोटांना चिकटली. पारी करायला जावं तर गोळा रबरासारखा ताणला जायचा. नेमके तेव्हाच काका-काकू आले. काकूंनी बोटानं उकड दाबून पाहिली.

"अगंबाई, हे तर चिकट तांदळाचं! चिनी लोक गोड गोळे करतात त्याचं. मोदक कसले वळतायत याचे, पाकिटं चिकटवा फार तर. अगं, परवा बाजारात भेटलीस तेव्हा बोलायचंस, मी दिलं असतं पीठ."

"परवा?" रुचिर म्हणाला. "कुठल्या बाजारात?"

"आमच्या, बेडोकच्या. दर आठवड्याला येते की ती. तुला ठाऊक नाही?"

गोपीनाथकाका घाईघाईनं गणपतीची आरास बघायला बाहेर गेले.

"अश्लेषा, तू तर सगळं खालून..."

"खाली काही मिळत नाही, रुचिर." ती परातीकडे बघत म्हणाली. "कध्धीच मिळालं नाही. मी भाजी घेऊन येते आणि मग तू फ्रिज उघडून खूश होतोस. तुझा तो आनंद मोडवेना मला. पण दोन वर्षं आणखी नाही जमणार. मला इथे नको राहायला."

तिला एका दमात एवढं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. काकूंनी पदर खोचला. "कणीक आहे ना घरात? तळणीचे करू. देव काही बोलायचा नाही. रुचिर, कढई काढ."

त्यानं कढई काढली. नैवेद्य झाला.

त्या शनिवारी रुचिरनं स्वतः माझ्यातल्या छत्र्या काढल्या. "चल, मी ओढतो." येताना माझ्यात नारळ होते, तांदूळ होते, वर लाल भोपळा. स्टेशनवरची लिफ्ट बंद होती, तर त्यानं मला उचलून पायऱ्या चढवल्या. इमारतीच्या दारातला रखवालदार इथल्या खास सिंगापुरी इंग्रजीत खुशीत ओरडला, "वा, टुडे सर पुलिंग आह? एव्हरी वीक ओन्ली मॅडम, लाह!" लिफ्टमध्ये नेमका रुचिरचा साहेब, शैलेंद्र. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग रुचिरकडे. रुचिरनं दांडा सोडला नाही.

वर आल्यावर त्यानं लाल झालेले तळहात पाहिले. "मी चालत ऑफिसला जावं म्हणून तू हे एवढं...?"

"आता तू जा गाडीनं," ती म्हणाली. दोघंही हसले, पण तिचे डोळे भरले होते.

करार वाढवला नाही. आता ते बेडोकला राहतात. रुचिर रोज एमआरटीत उभा राहून जातो, दमून येतो, आणि कुरकुरतोही, खोटं कशाला सांगू? पण तेल तापत असताना अश्लेषा चपला सरकवून खाली उतरते आणि ताजी कोथिंबीर घेऊन वर येते. तेवढ्याला कापडी पिशवी पुरते. मी रिकामीच असते. वाईट वाटतं थोडं, पण तिला माझी गरज उरली नाही, याहून चांगलं काय व्हायचं होतं?

काल तिनं मला धुतलं, चाकांना तेल घातलं. तांजोंग पगारलाच तन्वी नावाची नवी नवरी आलीय म्हणे. उद्या मी तिच्याकडे जाणार.

तन्वीच्या नवऱ्याला मी ओळखत नाही. पण बाबा रे, एक विनवणी आहे. पहिल्याच शनिवारी मला तू ओढ.