चुली किती?

आमच्या विद्यापीठाच्या आर्थिक धोरण संशोधन केंद्रात घर कशाला म्हणायचं, हा प्रश्न कधीच निकालात निघाला आहे. जितक्या चुली, तितकी घरं. छप्पर एक असो, आडनाव एक असो, चूल वेगळी तर घर वेगळं. ही व्याख्या मी नव्या पोरापोरींकडून इतक्यांदा घोकून घेतली आहे की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. नऊ वर्षं हेच काम करते आहे. समताबाई नियमांच्या बाबतीत सासूपेक्षा कडक, असं केंद्रात माझ्या पाठीमागे बोलतात. तोंडावर बोलायची अजून कोणाची हिंमत झालेली नाही.

दर तीन वर्षांनी आम्ही त्याच गावांत, त्याच घरांत जातो. कोण काय पिकवतं, काय खातं आणि ते कुठून येतं, हे विचारतो. रेशनचं, शेतमालाचं धोरण कसं असावं यावरचे आमचे अहवाल त्यातूनच निघतात. या खेपेला वडनेर भोलजीत गुलाम रसूल यांच्या घरी गेले, तर मागच्या वेळी जिथे मोकळं अंगण होतं तिथे मधोमध भिंत. दोन वर्षांपूर्वी वावराची वाटणी झाली, धुरा, म्हणजे मधला बांध, कुठे घालायचा यावरून भावाभावांचं बिनसलं आणि धाकटा अकरम वेगळा झाला. तेव्हापासून बोलणं बंद. मी हळहळले वगैरे नाही. टॅबमध्ये एकाची दोन घरं केली आणि कामाला लागले.

गुलामभाई वावरात होते. त्यांची बायको खुर्शीदाभाभी चुलीपाशी बसून उत्तरं देत होती. गेल्या सात दिवसांत काय खाल्लं आणि ते कुठून आलं? तीन पर्याय असतात: घरचं, विकतचं, दुसऱ्याकडून मिळालेलं. ज्वारी घरची, कांदे घरचे, तेलमीठ विकतचं. तुरीच्या डाळीपाशी भाभी अडखळली. दाराकडे बघून घेतलं आणि हळूच म्हणाली, दुसऱ्याकडून. दूध? तेही.

"आसमा देते भिंतीवरून," तिनं सांगितलं. आसमा म्हणजे अकरमची बायको. "यायले नोका सांगू, मॅडम. भावाच्या वावरातला दाना घरात आनाचा नाही, अशी कसम खाल्ली हाय त्यायनं. समजलं तर भांडं बंद होईन."

माहिती गुप्त राहते, असं मी मोठ्या ऐटीत सांगितलं.

मग भिंतीपलीकडे गेले. अकरमच्या वाट्याच्या वावरात तूर आणि हरभरा, दारात म्हैस. ज्वारी दुसऱ्याकडून, कांदे दुसऱ्याकडून. आसमानं न विचारताच मला न्हाणीमागची भिंत दाखवली. तिथे वरच्या दोन विटा काढलेल्या होत्या. भरलं भांडं इकडून जातं, आणि आपल्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत करायची रीत नाही, म्हणून तिकडून भरूनच येतं. मोजत नाही का, म्हटलं. ती हसली. जावेच्या घरात किती माणसं जेवायची आहेत ते मले ठाव नाही का, म्हणाली.

बाहेर कडुनिंबाखाली बसून मी दोन्ही घरांची उत्तरं शेजारी शेजारी लावली. इकडे जे सरलं होतं ते तिकडून आलं होतं, तिकडे जे पिकत नव्हतं ते इकडून गेलं होतं. काटा नाही, वही नाही, बोलणं नाही, आणि दोन वर्षांत दोन्हीकडे ना कमी पडलं ना नासलं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. ही घडी जमवायला आम्ही वीस जण वर्षभर बैठका घेतो आणि तरी ती बसत नाही. या दोघींनी भर दिवसा, दोन नवऱ्यांच्या नाकाखाली बसवली होती. पुरुषाला ताटातली डाळ दिसते, डब्यातली दिसत नाही, हेही त्या पुरतं ओळखून होत्या. मला एकदम लहान झाल्यासारखं वाटलं, आणि त्याचं वाईटही वाटलं नाही.

दुपारी गुलामभाई जेवायला आले. आमच्याकडे एक नियम आहे, सही घेण्याआधी सगळी उत्तरं घरच्या कर्त्याला वाचून दाखवायची. तो मीच आणलेला. मी वाचायला लागले. जीभ सवयीची गुलाम. ज्वारी घरची, कांदे घरचे, तूरडाळ दीड किलो, दुसऱ्याकडून. बोलून गेल्यावर मला कळलं मी काय केलं ते.

गुलामभाईंचा घास हातातच राहिला.

"दुसरा कोन?"

भाभीला दुकानाचं नाव घेता आलं असतं. तिनं भाकरीवरचा हात काढला. "आसमा," ती म्हणाली. "दोन सालापासून."

ते ताटातल्या डाळीकडे बघत राहिले. आता ताट भिरकावतील, असं मला वाटलं. दोन वर्षांचं दोन बायकांचं राज्य मी एका वाक्यात बुडवलं होतं.

त्यांनी घास तोंडात घातला. सावकाश चावला. ताटातली डाळ बोटानं निपटून खाल्ली आणि मग माझ्याकडे वळले.

"मॅडम, थे खोडा. घरचं लिहा."

मी इतकी भांबावले की चक्क नियम सांगितला. आपल्या वावरात पेरलेलं असेल तरच घरचं लिहिता येतं.

"वावर बापाचं हाय," ते म्हणाले. "धुरा आमीच घातला."

हात धुऊन ते उठले. फळीवर आसमाचं भांडं होतं. त्यात त्यांनी स्वतःच्या हातानं ज्वारी भरली आणि भिंतीकडे निघाले; फट कुठे आहे ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्या दोन विटांच्या फटीपाशी जरा वेळ उभे राहिले. मग परत फिरले, घरातून चालत आले आणि समोरच्या दारानं रस्त्यावर गेले.

मी 'घरचं' केलं. टॅब लाल झाला: या घरानं तूर पेरलेली नाही, उत्तर तपासा. नऊ वर्षांत माझ्या हातून एकही लाल खूण केंद्रात गेलेली नव्हती. ती मी तशीच ठेवली. पहिल्या पानावर गेले. चुली किती? तिथे मीच सकाळी भरलेला दोनाचा आकडा होता. तो पुसला.

बाहेर अकरमच्या दाराची कडी वाजली. भाभी आणि मी कान देऊन ऐकत राहिलो. मग आतून कडी निघाली.