राळ्याची दुरडी

मित्रांनो, फळीवर पालथी पडलेली ही काळपट दुरडी म्हणजे मी. आज माझे काठ उसवले आहेत, तळाला भोक पडलं आहे. पण एके काळी मीही कोरी करकरीत होते, बरं का!

काष्टीच्या बाजारात बनुबाई बुरडीण बसायची. तिनं मला कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, कामट्यांनी विणलं. मरियमबाईनं मला पारखून घेतलं, तेव्हा बनुबाईनं बजावलं, "लेकीवानी संबाळ, बाई." आणि तिनं खरंच सांभाळलं. मरियमबाईला नवरा नव्हता. एक माळाचा तुकडा आणि फिलिप नावाचा एकुलता मुलगा, एवढाच तिचा संसार. रोज माझ्यात भाकरी असायच्या. पण खरा मान मिळायचा तो कापणीच्या सणाला.

आमच्या ख्रिस्ती वस्तीत त्या दिवशी जो तो आपल्या रानातलं पहिलं पीक चर्चमध्ये वाहायचा. प्रार्थना संपली की अंगणात त्याचा लिलाव व्हायचा. मरियमबाई माझ्यातून राळा न्यायची. राळा म्हणजे पिवळंधमक बारीक धान्य, हलक्या रानात थोड्याशा पावसावर येणारं. त्याचा भात मऊ, आणि खीर तर विचारूच नका! देवाला द्यायचं ते सगळं, अशी तिची श्रद्धा. म्हणून ती घरात बीसुद्धा ठेवत नसे. लिलावात जो राळा घेई, तोच पेरणीच्या वेळी तिला ओंजळभर बी आणून देई. ही रीत कधी चुकली नव्हती. "राळा असावा तर मरियमबाईचा!" असं म्हणत लोक माझ्यात हात घालत, तेव्हा मी फुगून जायची.

मग दुसऱ्या महायुद्धाची ती मोठी लढाई आली. फिलिप भिंगारला लष्कराच्या कोठारात कामाला लागला. एका साली पावसानं दगा दिला आणि राळा जेमतेम माझ्यापुरता आला. मरियमबाईनं धुतलेला फडका अंथरून तो सगळा माझ्यात भरला. फिलिपही सणाला आला होता. त्यानं कोठारातून आणलेला बिस्किटांचा चकचकीत डबा वाहिला, तोही नेमका माझ्या शेजारी!

डब्यावर माणसं तुटून पडली. मग लिलाव पुकारणाऱ्या काकासाहेब मास्तरांनी मला उचललं. "मरियमबाईंचा राळा! बोला मंडळी, बोला!"

कुणी बोलेना.

"आता ह्ये चिमन्यांचं खानं कोन खातंय?" मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

मरियमबाईनं लेकाकडं पाहिलं. त्यानं एक शब्द बोलावा, एवढीच तिची आशा होती. फिलिप शरमला होता. तो हळूच म्हणाला, "आई, लोक हसत्यात. कशाला आनलंस ह्ये?"

वाहिलेलं परत न्यायचं नाही, असा नियम. काकासाहेबांनी खाली मान घालून तो राळा आवारातल्या कोंबड्यांना टाकला. मरियमबाई मला रिकामीच काखेला घेऊन घरी आली. पुढच्या पेरणीला तिच्या दारी ओंजळ घेऊन कुणी आलं नाही. माळ पडीक राहिला.

लढाई संपली, फिलिप घरी परतला. काही वर्षांनी मरियमबाईनं अंथरूण धरलं. घास घशाखाली उतरेना. एक दिवस ती म्हणाली, "फिलिप, राळ्याचा मऊ भात मिळंल का रं?"

फिलिप मला घेऊन धावतच निघाला. त्यानं काष्टीचा सगळा बाजार पालथा घातला. शेवटी पुंजाराम नावाच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं त्याला थांबवलं. "कोनी इकत घेईना, म्हून आमी पेरायचं सोडलं. आता पेरायलाबी दाना न्हाई, बाबा."

फिलिप भर बाजारात माझ्यात तोंड खुपसून रडला.

तो घरी आल्यावर मरियमबाईनं विचारलं, "गावला का रं?"

त्यानं मला रिकामीच तिच्यापुढं ठेवलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तू जेवलास का?"

त्याच आठवड्यात ती गेली.

मित्रांनो, आपल्या मातीतलं धान्य कुणी चोरून नेत नाही. आपणच ते घ्यायचं सोडतो आणि मग ते मागूनही मिळत नाही. बाजारात कुणी म्हातारी आपल्या रानातलं चार मुठी धान्य मांडून बसलेली दिसली, तर नाक मुरडून पुढे जाऊ नका. थांबा, घरी न्या, शिजवा, पोटभर खा. त्या दिवशी आमच्या अंगणात एकानं जरी "मी घेतो" म्हटलं असतं, तरी माझी मरियमबाई उपाशी गेली नसती.