विहिणीच्या चालीवर

"पुन्हा म्हणा मावशी. भरभर, न थांबता," शीलाताई म्हणाली.

"एकदाव ऐकं ते वरीस गयं मन्हं. आते मीच परत परत बोलू?" बेबीबाईनं मान फिरवली.

शीलाताई नंदुरबारच्या एका दवाखान्यात समुपदेशक. मनात रुतलेलं वाक्य इतक्यांदा उच्चारायचं, की अर्थ झडून नुसता आवाज उरावा, ही तिची रीत. बेबीबाईचं वाक्य तिच्या सुनेचं होतं. बेबीबाईनं डोळ्यांत टाकायचं औषध आणायला मुलाला, पवनला, गावाहून पिटाळलं आणि वाटेत ट्रकनं त्याची मोटारसायकल उडवली. तिरडी उचलताना सून काजल सगळ्या भाऊबंदांसमोर ओरडली, "तुम्हीच खाई टाकं त्यासले!" मग ती माहेरी गेली ती गेलीच. वाक्य मात्र बेबीबाईकडे नांदायला राहिलं.

"गाण्यात म्हणून बघा," शीलाताईनं सुचवलं. "लग्नात गाता ना तुम्ही?"

गाता म्हणजे काय! हळदीला बेबीबाई नसली तर मांडव मुका. विहिणीला ती गाण्यातून म्हैस म्हणायची, चोरटी म्हणायची, आणि विहीणबाई खुशाल हसत तिलाच विडा द्यायच्या. तेच शब्द साधं बोलून दाखवले असते तर सोयरीक मोडली असती.

बेबीबाईनं खाकरून तीच चाल धरली. "तुम्हीच खाई टाकं वं माय, तुम्हीच खाई टाकं..." आधी चाल अडखळली. मग हातांनी आपोआप टाळी धरली. शेवटी तिला चक्क हसू फुटलं, आणि हसल्याची लाजही वाटली.

"कसं वाटतंय?"

"नुसता आवाज ऱ्हाई गया, ताई. हलकं वाटस." तिनं टाळीचे हात खाली ठेवले. "वरीसभर त्या बोलसंगेच भांडण चालनं. पवनसाठे रडाले सवडच नई भेटनी."

"मग रडा की आता. नाव घ्या त्याचं."

बेबीबाईनं तोंड उघडलं आणि मिटलं. तिला भीती वाटली. "ताई, त्यान्हं नाव मी परत परत लिधं, ते तेबी असंच पोकळ व्हई जाई का?"

"नाही हो मावशी," शीलाताई म्हणाली, पण तिची तिलाच खात्री नव्हती. प्रशिक्षणात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

बाहेर पुढचा नंबर खोळंबला होता. शीलाताईनं उठून दार लोटून घेतलं.

बेबीबाईनं "पवन" असं एकदाच म्हटलं. मग ते पुन्हा तोंडातून निसटू नये म्हणून पदराचा बोळा दातांत धरून ती रडत राहिली.